जागा नसल्यास निर्माण करावी

मी आयुष्यभर माती तपासली. एवढं सांगितलं की लोक आदराने मान हलवतात आणि पुढचाच प्रश्न विचारतात, "म्हणजे नक्की काय करायचात?" दिवाळी अंकाच्या वाचकांनाही तो पडणार, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो.

शेतकरी पिशवीतून माती आणतो. आम्ही ती वाळवतो, त्यात पाणी घालून ढवळतो आणि वर येणारी निवळी काचेच्या नळीत घेतो. मातीत खार किती, कस किती, हे त्यावरून कळतं. ते कळलं की कुठलं खत किती टाकायचं, किंवा अजिबात टाकायचं नाही, हे सांगता येतं. शाळेतला हुशार मुलगा हे आठवडाभरात शिकेल. अवघड काम प्रयोगशाळेबाहेरचं आहे, ते म्हणजे शेतकऱ्याकडून खरी माती मिळवणं.

पारनेरकडचे एक म्हातारे बाबा एकदा माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी कमरेचं गाठोडं सोडलं. आत नवाकोरा खण आणि खणात माती, इतकी मऊ की तिच्यावर बोटाने अक्षरं काढावीत.

"बाबा, ही कुठली आणलीत?"

"गोठ्याच्या मागची. सूनबाईनं पिठाच्या चाळनीनं चाळून दिली."

"अहो, पण कांदा कुठे लावलाय तुम्ही?"

"त्यो माळावर. तिथली कशाला आनू? निसते खडे हायेत. चार लोकांत न्यायची म्हनल्यावर बरी नको दिसायला?"

आमच्या जिल्ह्यात मी हे हजारदा पाहिलं. नमुना कसा घ्यायचा हे आम्ही घसा कोरडा पडेपर्यंत सांगायचो. शेतात नागमोडी चाला, ठिकठिकाणी खड्डा करा, बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नका, सगळी एकत्र कालवा आणि त्यातली ओंजळभर आणा. लोक हो म्हणत आणि घरी जाऊन सगळ्यात देखणी माती शोधत. माती 'बघायला' जाणार म्हटल्यावर तिला नटवायलाच हवं. मी त्यांना हसत नसे. कारण याच खोडीपायी माझी नोकरी लागायच्या आधीच जाणार होती.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी नगरच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. आमचं गाव देवळाली प्रवरेच्या पुढे, कालव्याच्या शेपटाकडचं. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी, म्हणजे दादांनी, बैलांनाही गूळ चारला. फी माफ करणारे मास्तर आणि जेवण देणारं वसतिगृह नसतं, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण पदवी हातात आली आणि लक्षात आलं की साखर कारखान्यात चिकटायचं तर कुणातरी वजनदार माणसाची चिठ्ठी लागते. आमच्याकडे वजनदार असे फक्त बैल होते.

मुदतही होती. सोनईला मामांचं पेंड-सरकीचं दुकान होतं. धाकटे चुलते तात्या यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की संक्रांतीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बाळूने, म्हणजे मी, मामांच्या दुकानात बसायचं. तुळशीचं लग्न झालं की स्थळंही बघायची. मामा चांगले होते, पेंडही चांगली होती. पण त्या दुकानात एकदा बसलो की मी उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नगरबाहेर मिश्रखताचा एक कारखाना होता. त्याच्या गोण्या आमच्या भागात यायच्या आणि लोक त्याला शिव्या घालायचे. त्या शिव्यांमध्ये आमच्या घरच्याही होत्या. आमची वरची जमीन काळी, सोन्यासारखी. पण ओढ्याकडच्या तुकड्याला कालव्याचं पाणी पाजून पाजून खार फुटला होता. उन्हाळ्यात तिथे मीठ सांडल्यासारखं दिसे. घरात त्या तुकड्याला नुसतं 'खालचं' म्हणत आणि त्यापुढे कुणी बोलत नसे. दादांनी तिथे गोण्यांवर गोण्या ओतल्या, पीक पिवळं पडलं आणि दोष खताला गेला. खत वाईट नव्हतं, वाईट जागी पडत होतं. हे कारखान्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मीच पगार घेऊन सांगावं असं मला वाटू लागलं.

पण कारखान्याने जाहिरात कुठे दिली होती? गावात न बोलावता जाणं म्हणजे नाक कापून घेणं. सहज म्हणून तात्यांपुढे विषय काढून पाहिला.

"आवतान न्हाई आन् पंगतीला जाऊन बसायचं?" तात्या म्हणाले. "आपल्या घरात आजवर कोनी गेलं न्हाई."

म्हणून मी घरी न सांगता पत्र लिहायला बसलो. पहिल्या वाक्यालाच अडकलो. माझ्याजवळच्या पुस्तकातला प्रत्येक नमुना-अर्ज 'आपली अमुक तारखेची जाहिरात वाचून' असा सुरू होई. पुष्कळ कागद फाडले. शेवटी खरं तेच लिहिलं: 'आपली जाहिरात वाचली नाही, कारण आपण ती दिलेली नाही. तरीही अर्ज करीत आहे.' पुढे त्यांच्या खताला शिव्या का बसतात ते लिहिलं. मी माती तपासू शकतो, हाताने काम करायची सवय आहे, आमच्याच शेतात खारवट तुकडा आहे, असं लिहिलं. सगळ्यात शेवटी, 'आपणाकडे अशी जागा नसल्यास निर्माण करावी, ही नम्र विनंती.' त्या नम्र शब्दावर माझा फार भरवसा होता.

मग वाटलं, नुसत्या कागदावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून 'खालच्या'तली मूठभर माती पुडीत बांधली आणि कापडात शिवून पत्रासोबत पाठवली. गावात बोभाटा नको म्हणून सोनईच्या पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी पुडकं हातावर तोललं.

"काय आहे यात?"

"माती."

"कुणाची?"

"आमचीच."

त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि शिक्का मारला.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, उत्तर नाही. एके दिवशी सकाळी मी ओढ्याकडे बैल धुवायला गेलो होतो, तेव्हा आमच्या दारात जीप उभी राहिली. आतून पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उतरले. ते त्या खतकारखान्याचे आपटे साहेब. पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही. साहेबांनी तो मला नंतर कितीदा तरी ऐकवला, आणि दर वेळी थोडी फोडणी वाढवून.

"बी.एस्सी. झालेला मुलगा इथलाच ना?" साहेबांनी विचारलं. "नगरहून आलो. त्याची माहिती कळली, म्हटलं घरी जाऊन जरा बघावं."

तात्यांनी दादांकडे पाहिलं, दादांनी आईकडे पाहिलं आणि आईने चूल पेटवली. तुळशीच्या लग्नानंतर, सकाळी सकाळी, पांढऱ्या कपड्यातला माणूस मुलाला बघायला येतो, तो कशाला येतो हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मुलीच्या बापाला 'का आलात' असं विचारतही नाहीत. त्याने आपणहून विषय काढायचा असतो. घोंगडी अंथरली गेली. पोहे आले.

"मुलाला शेतातल्या कामाची सवय आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाव काढू नका!" तात्या म्हणाले. "मातीत पाय ठिवू दिला न्हाई आमी त्याला. हात बगा त्याचे, लोन्यावानी हायेत."

साहेबांचा घास थांबला. पत्रात तर काही वेगळंच होतं.

"सध्या कुठे नोकरीचं चाललंय?"

"दोन कारखान्यांनी बलावलंय. आमीच म्हनलं, थांबा जरा."

"बाहेरगावी राहायला लागलं तर?"

तात्या ताठ झाले. "सायेब, ते सोडून बोला. घरजावई न्हाई द्यायचा."

साहेब मूळचे कोकणातले. त्यांना वाटलं, देशावर फिरतीच्या नोकरीला असं म्हणत असावेत. त्यांनी सावधपणे विचारलं, "बरं, तुमच्या अपेक्षा काय?"

"आमचं कायबी मागनं न्हाई. तुमी खुशीनं द्याल ते."

असं म्हणणारा उमेदवार साहेबांना उभ्या नोकरीत भेटला नव्हता. पण मग त्यांनी जमीन पाहायला मागितली, आणि घात झाला. दादांनी आणि तात्यांनी त्यांना वरची जमीन दाखवली. विहीर दाखवली, ऊस दाखवला. साहेबांनी विचारलं, "यात खारवट कुठे आहे का?" दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, "छ्या!" खारवट जमिनीच्या घरात मुलगी कोण देतो? अर्जातली एकही गोष्ट खरी निघत नव्हती. पोराने दुसऱ्याच्या बांधावरची माती पाठवून आपल्याला बनवलं, असं समजून ते जीपकडे निघाले होते, तेवढ्यात मी बैल घेऊन आलो.

तात्यांनी मला धरून आतल्या खोलीत ढकललं. "शर्ट बदल. बगायला आल्यात. तोंड उघडू नगं, इचारलं तर व्हय म्हन."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. नोकरीआधी लग्न ठरलं की मामांचं दुकान आलंच. स्थळ मोडायचं म्हणजे मोडायचं, असं ठरवून मी शर्ट न बदलता, चिखलाच्या पायांनी बाहेर आलो आणि घोंगडीवर बसलो.

"काय करता सध्या?" साहेबांनी निरोपाच्या सुरात विचारलं.

"काही नाही."

तात्या खोकले.

"पण दोन कारखान्यांनी बोलावलंय ना?"

"एकानेही नाही. एका कारखान्याला मीच न बोलावता पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नाही."

तात्यांचा खोकला वाढला. साहेब पुन्हा नीट बसले.

"जमीन मात्र छान आहे तुमची."

"तुम्हाला वरची दाखवली असेल. खालची दाखवली का?"

आई दारातून आत गेली. दादा खाली बघत घोंगडीचा धागा ओढत राहिले. माझ्या डोक्यात मात्र एवढंच होतं की हा गृहस्थ आज पळाला पाहिजे.

"चला, दाखवतो," मी म्हणालो.

मी पुढे, साहेब मागे आणि त्यांच्यामागे तात्या. "सायेब, काटं हायेत तिकडं! सायेब, परवा नाग निघाला हुता!" नागाचं ऐकून साहेब थबकले, पण आले.

तुकडा पांढरा पडला होता. मी खाली बसलो, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकलो. "खारट आहे. चाखून बघा." कुठल्याही मुलीचा बाप इथून चपला हातात घेऊन पळेल, अशी माझी खात्री होती.

साहेबांनी चिमूट उचलली आणि चाखली.

मला त्यांची काळजीच वाटली. एवढा उतावीळ बाप मी पाहिला नव्हता. मी आणखी जोर लावला. "इथे काही येत नाही. पाणी जास्त झालं, खालचा खार वर आला. आधी चर खणून पाणी काढायला हवं. मग जिप्सम टाकायचं, ताग पेरून मातीत गाडायचा. तोवर खताची गोणी टाकणं म्हणजे पैसे ओढ्यात टाकणं. आणि मी दिवसभर हेच उकरत बसतो. घरात कुणाला पसंत नाही."

साहेबांनी शांतपणे बॅग उघडली आणि कापडात शिवलेलं माझं पुडकं बाहेर काढलं. कडेची वेडीवाकडी टीप माझीच होती.

"ही इथलीच ना?" त्यांनी विचारलं.

मला बोलता येईना. तात्यांना मात्र आलं.

"सायेब, म्हंजे पोरगी?"

"कुणाची?"

"तुमची!"

"मला दोन्ही मुलगेच आहेत."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुडक्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "आन् मी मगाधरनं घरजावई न्हाई, घरजावई न्हाई करतुया," ते म्हणाले, आणि त्या पांढऱ्या मातीत मटकन बसले.

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग म्हणाले, "बोलावलं असतं तर इस्त्रीचा शर्ट घालून आला असतात. म्हणून न कळवता आलो. तर इथे सगळ्या घरानेच इस्त्री केलेली."

दादा मागून कधी आले होते ते कळलं नाही. ते माझ्याशीच, हळू आवाजात बोलले. "खालचं लोकाला दावलंस तू."

उत्तर साहेबांनी दिलं. "दादा, मी या तुकड्यासाठीच आलो. वरच्या जमिनीसाठी एवढ्या लांब कोण येतं?"

दादा जीपपर्यंत गेले आणि ऊस आत ठेवला.

निघताना साहेब म्हणाले, "जागा नाही, हे सांगून ठेवतो. पण तुम्ही निर्माण करा म्हणालात. एक हंगाम करून बघू."

निर्माण झालेली जागा म्हणजे गोदामाचा एक कोपरा. दोन पिंपांवर आडवं टाकलेलं जुनं दार हे माझं टेबल. बाटल्या साहेबांनी कुठून कुठून मागून आणल्या. गावी ही बातमी गेली तेव्हा तात्यांनी सांगत फिरायला सुरुवात केली की कारखानावाले पोराला मागायला घरी आले होते, जीप घेऊन. यात खोटं काहीच नव्हतं.

पहिल्याच महिन्यात मी पाच-सहा शेतकऱ्यांना सांगितलं, "आमचं खत घेऊ नका, आधी चर खणा." विक्रीचे मॅनेजर ओरडत आले. "अहो, तुम्ही कुणाचा पगार खाता?" आपटे साहेब मध्ये पडले. "आज नाही घेणार. पण शिव्याही नाही घालणार. दोन वर्षांनी येतील." काही आले. काही नाही आले, हेही खरं. पुष्कळांनी चर खणले नाहीत, पाणी मात्र भरपूर पाजलं. आज त्या भागातून एसटीने जाताना पांढरे पट्टे दिसतात आणि मी दुसऱ्या खिडकीतून बघतो. माती तपासून मी लिहून दिलेली कितीतरी कार्डं कुणाच्या तरी आढ्याला खोचलेली असतील, न वाचता.

हंगामाची नोकरी मी निवृत्त होईपर्यंत पुरली. पुढे कारखान्यात न मागवलेले अर्ज आले की कारकून ते थेट माझ्याकडे आणून टाकी. "घ्या, तुमच्या घराण्यातला आला." मी प्रत्येक अर्ज वाचला आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. माझी कथा बाहेर पसरली होती, त्यामुळे लोक सोबत नमुनेही पाठवत. शेवगावकडच्या एकाने लिहिलं की तुमच्या गोदामात उंदीर फार झाल्याचं ऐकतो, मी धरतो. पुराव्यादाखल त्याने पाकिटात एक शेपटी घातली होती. कारकून किंचाळला. मी त्या माणसाला बोलावून घेतलं. माणूस फारच कामाचा निघाला.

आता शेवटची एक गोष्ट.

नोकरीला दोन-तीन वर्षं झाली असतील. माती आणायचा दिवस होता, दाराबाहेर रांग लागली होती. मान वर केली तर समोर दादा, मागे तात्या. दादा माझ्या कचेरीत कधीच आले नव्हते. मी उठायला गेलो, तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं आणि गोणपाटाची पिशवी दारावर, म्हणजे टेबलावर ठेवली. आत ढेकळं, मुळ्या, वर पांढरी पापडी. चाळलेलं काही नव्हतं.

माझं काम म्हणून मी विचारलं, "कुठली?"

दादा मोठ्याने बोलणारे नव्हते. पण त्या दिवशी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले. "खालची हाय. खार फुटलाय. लई वाईट हाय, तसंच लिव्हा. चांगल्या जागची कशाला आनू? ती चांगली हाय ते मला म्हाईत हाय."

रांगेत चुळबुळ झाली. दोन-चार जणांनी आपापल्या पिशवीत डोकावून पाहिलं. एक जण रांग सोडून निघूनही गेला.

मी खाली मान घालून कार्ड लिहिलं. शाई पसरली, तेव्हा दुसरं कार्ड घेतलं. मग म्हणालो, "तात्या, तुमची?"

तात्यांच्या हातात एक पांढराशुभ्र रुमाल होता, चारही टोकं बांधलेला, आणि गाठीतून पिठासारखी मऊ, काळीभोर माती सांडत होती. त्यांनी दादांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि रुमाल सावकाश बंडीच्या खिशात सरकवला.

"माजं कुटं काय हाय," तात्या म्हणाले. "मी आपला दादाच्या सोबतीला आल्तो."